माफी कोणाकडे मागायची?

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात 17 वर्षांचा एक मुलगा चालवीत असलेल्या भरधाव मोटारीखाली दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. मुलाने मद्यप्राशन केल्याचा आरोप होता. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातावर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि देशभर संताप उसळला. शिक्षा फार सौम्य, असे लोक म्हणाले. माझा आक्षेप निराळा आहे. निबंधात बोलतो तो अपराधीच. ज्यांची लेकरे गेली, त्यांचे ऐकले कोणी?

अमेरिकेत ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना 1980 साली स्थापन झाली. तिने रुजविलेल्या बैठकींना नशेत वाहन चालविणाऱ्या दोषींना न्यायालय पाठविते. अशाच अपघातांत आप्त गमावलेली माणसे तेथे आपली हकिकत सांगतात. ती बहुधा त्या दोषींच्याच प्रकरणातील नसतात. दोषींनी केवळ ऐकायचे. याने गुन्हे घटतात काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु ऐकणे हेही एक देणे आहे, हे तेथे ओळखले गेले.

सूरह निसाची 92 वी आयत अनवधानाने घडलेल्या हत्येविषयी आहे. (स्वेच्छेने मद्य पिऊन गाडी हाती घेणाऱ्याने ‘अनवधान’ हा शब्द उच्चारावा काय, हा प्रश्न आहेच.) तिच्यात दोन हिशेब आहेत. एक अल्लाहशी : गुलामाची मुक्ती, ती शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. दुसरा मृताच्या वारसांशी : दियत. ती त्यांच्या हाती सोपवायची. सोडून देण्याचा अधिकारही त्यांचाच. बहुसंख्य उलमांच्या मते रोजे गुलाममुक्तीच्या जागी आहेत, दियतीच्या नव्हे. कितीही तौबा केली तरी बंद्याचा हक्क बंद्याकडेच फेडावा लागतो.

हे मी मदरशात शिकलो होतो. तरीही काही वर्षांपूर्वी आमच्या मंगरूळपीर तालुक्यातील एका बैठकीत ते विसरलो. आमच्याच वस्तीतील तरुणाने नशेत मोटारसायकल चालवून एका वृद्ध शेतमजुराचा जीव घेतला होता. (दारू हराम आहे, म्हणून ती आपल्या घरांत नाही, असे मानणे सोयीचे असते.) पोलिसांचा खटला आपल्या गतीने चालला होता, इकडे प्रतिष्ठितांनी रक्कम ठरविली, पाकीट पुढे सरकविले. मी मृताच्या पत्नीला म्हणालो, “खाला, माफ करून टाका, अल्लाह अजर देईल.”

त्या म्हणाल्या, “मौलानासाहेब, तो मुलगा बाहेर उभा आहे. हे त्या रात्री कुठून येत होते, एवढे तरी त्याने मला विचारले का?”

कोणी बोलले नाही. असरची वेळ होत आली होती. मी दुआ मागितली आणि बैठक संपविली.

शोकाकुल माणसाकडून माफी वसूल करणे हा सुलह नव्हे. आधी अपराध्याने त्यांच्यासमोर बसावे, सबबी न सांगता ऐकावे. मात्र बोलण्याची सक्तीही त्यांच्यावर नसावी. दार बंद ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे.

त्या तरुणाला घेऊन येऊ काय, असा निरोप मी गेल्या महिन्यात खालांकडे पाठविला. उत्तर अद्याप आलेले नाही.