ओळखीची खूण

सरकारदरबारी माझी ओळख माझ्या गुडघ्यावर अवलंबून आहे. नोकरीला लागलो तेव्हा सर्व्हिस बुकात ‘ओळखीची खूण’ असा एक रकाना होता. कारकुनाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. लक्षात ठेवावं असं त्याला माझ्या चेहऱ्यात काही सापडलं नाही. शेवटी मीच पँट वर करून उजवा गुडघा त्याच्या टेबलाशी नेला. ‘उजव्या गुडघ्यावर जुन्या जखमेचा व्रण’ अशी नोंद झाली आणि मी कायमचा मी ठरलो.

हा व्रण मला नरडाण्याच्या उताराने दिला.

नरडाणा म्हणजे सुरत-भुसावळ लाइनीवरचं स्टेशन आणि आग्रा रोडवरचं गाव. आगगाडी आणि ट्रक दोन्ही शेजारून जात असल्यामुळे आमच्या गावच्या पोरांचा लहानपणापासून असा समज असतो, की जगातलं सगळं काही कुठेतरी जायला निघालेलं आहे, आपणच तेवढे इथे राहिलो आहोत. त्यावर उपाय म्हणून आम्ही बेरिंगच्या गाड्या करायचो. आग्रा रोडवरच्या मेकॅनिककडून ट्रकची जुनी बेरिंगं मागून आणायची, फळीच्या मागे दोन ठोकायची, पुढच्या वळत्या आडव्या लाकडाला एक. ब्रेक नाही. ब्रेक ही कल्पनाच आम्हाला माहीत नव्हती. थांबायचं म्हणजे कशाला तरी आपटायचं.

गाडीला उतार लागतो, आणि खानदेशात आमच्या बाजूला जमीन अशी सपाट, की पाण्यालाही कुठे जावं ते पटकन सुचत नाही. पण गावाबाहेर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात सिमेंटचा एक उतार होता. कापसाच्या बैलगाड्या थेट ओट्यावर चढाव्यात म्हणून मालकाने तो हौसेने बांधून, घोटून घोटून आरशासारखा गुळगुळीत करून घेतला होता. बैलांनी त्यावर एकदा पाय ठेवला, घसरले, आणि पुन्हा ठेवला नाही. बैलांना जे एका दिवसात कळलं ते मालकाला कधीच कळलं नाही. उतार आमच्या वाट्याला आला. राखणदार काठी घेऊन यायचा, “हाई जागा तुमना बापनी शे का रे?” असं विचारायचा, आणि आमच्यापैकी कोणाकडेच त्याचं समाधानकारक उत्तर नसायचं.

आता थोडं लंडनला जावं लागेल. २०१८ साली आम्ही उभयता भाच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी तो म्हणाला, “मामा, उद्या रोमला जाऊ.” सौ.ने रात्रीतून दोन स्वेटर, पासपोर्ट आणि दशम्या बांधल्या. सकाळी मोटारीत बसलो आणि पाऊण तासात रोम आलं. हे रोम लंडनच्या पूर्व टोकाला हॉर्नचर्च नावाच्या उपनगरात आहे; जवळून रोम नावाची नदी वाहते, तिचं नाव. आत काँक्रीटचे खड्डे होते. वाटीसारखे, कढईसारखे, एक पन्हळीसारखा लांब. चाकं लावलेल्या फळीवर उभी राहून पोरं त्यांत उतरत होती, पलीकडच्या भिंतीवर चढत होती, पडत होती. भाच्याचा मुलगाही पडायला रांगेत उभा होता.

“मामा, ही सरकारने संरक्षित केलेली ऐतिहासिक वास्तू आहे,” भाचा म्हणाला. मी इकडेतिकडे पाहिलं. वास्तू दिसेना. मग कळलं, की खड्डे हीच वास्तू.

आमच्या मते ऐतिहासिक म्हणजे सोनगीरचा किल्ला. नरडाण्याहून धुळ्याला जाताना दिसतो. तिथे कोणी तरी राज्य केलं, कोणी तरी ते घेतलं, आणि आता शेळ्या चरतात. हा झाला इतिहास. पण हॉर्नचर्चच्या खड्ड्याची हकीकतही ऐकण्यासारखी निघाली. कॅलिफोर्नियात १९७६-७७ मध्ये मोठा दुष्काळ पडला. दुष्काळ पडला की आपल्याकडे माणसं खडी फोडायला जातात. तिथे बंगल्यांचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. गोलसर बुडाच्या त्या रिकाम्या तलावांत पोरांनी चाकांच्या फळ्या घातल्या आणि फळी भिंतीवरही चढते असं त्यांच्या ध्यानात आलं. मग ती लाट इंग्लंडात आली. तलाव नसलेल्या ठिकाणी मुद्दाम कोरडे तलाव बांधले. रोमचा १९७८ मध्ये खुला झाला. आराखडा एड्रियन रोल्ट यांचा, काँक्रीट असं की कुठे सांधा नाही. पण लाटच ती. दोन-तीन वर्षांत ओसरली आणि त्या वेळी बांधलेल्यांपैकी बहुतेक जागा बंद पडल्या, बुजवल्या गेल्या. रोम टिकला. २०१४ मध्ये त्याला दर्जा दोनची संरक्षित वास्तू ठरवण्यात आलं. युरोपात असा मान मिळालेला हा पहिलाच खड्डा.

मी भाच्याला म्हटलं, “यात झालं काय पण? लढाई नाही, तह नाही.” तो म्हणाला, “मामा, चाळीस वर्षं पोरं पडली.”

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. त्यात त्याने आम्हाला थेम्सकाठी क्वीन एलिझाबेथ हॉल दाखवायला नेलं. १९६७ ची इमारत. वर संगीताचे कार्यक्रम, खाली खांबांमधली अंधारी मोकळी जागा. तिथे १९७० च्या दशकापासून ही फळीवाली मंडळी घुसलेली. ज्याने नकाशा काढला त्याच्या स्वप्नातही ती नव्हती, जसे आमच्या जिनिंगमालकाच्या स्वप्नात आम्ही नव्हतो. २०१३ मध्ये तिथे दुकानं वगैरे काढायची टूम निघाली. पोरांना सांगितलं, की थोड्या अंतरावर पुलाखाली तुम्हाला नवी कोरी जागा बांधून देतो. पोरं म्हणाली, आम्हाला नवी नको, हीच पाहिजे. हजारो लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि २०१४ मध्ये जागा त्यांच्याकडेच राहील असा करार झाला. मला तर हा हट्ट ओळखीचा वाटला. नव्या देवळात जुन्या देवाला नेताना गाव किती कुरकुर करतं!

तुम्ही म्हणाल, जपायचं तर दोरी बांधा, ‘हात लावू नये’ अशी पाटी लावा. पण इथे गोची अशी की पाटी लावली तर राहतं काय? नुसता खड्डा. तो तर आमच्या गावात नळ आला तेव्हापासून जागोजागी आहे. वापरून वापरून झिजू द्यायचं, हेच इथे जपणं. कोल्हापूरच्या तालमी बघा. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद घालतात, ती उकरतात, बदलतात. म्हणजे शाहूमहाराजांच्या वेळची माती शोधायला जाल तर खासबागेत ती सापडायची नाही. पण १९१२ पासून त्या मैदानात माणूस पाठीवर पडतो आहे आणि हजारो माणसं ते बघायला बसतात. पडण्यासाठी खास बांधलेल्या जागा आपल्याकडेही आहेत, फक्त आपण त्यांना आखाडा म्हणतो.

इथपर्यंत विचार करायला काही पैसे पडत नाहीत. अडचण पुढे आली. पेन्शनीत निघाल्यापासून मी गावातच असतो. मध्यंतरी एक बाई, नात्याने सूनच लागते, कागद घेऊन आली. तिचं पोरगं त्या उतारावरून पडलं आणि डावा हात मोडला. उताराला टाकी लावून तो खरबरीत करावा म्हणजे गाड्या चालणार नाहीत, असा अर्ज होता. वीसेक सह्या झालेल्या. “आबा, तुम्ही सही करा. एखादं दिन पोरगं मरी जाई.”

आता हिला मी लंडनचा करार सांगू? गुडघा माझा फुटला होता, हात तिच्या पोराचा मोडला आहे. म्हाताऱ्याला आपलं बालपण जपायचं आहे आणि त्यासाठी हाडं मात्र दुसऱ्याच्या नातवाची लागणार, हे कुठलं वारसाप्रेम? माझी आई जिवंत असती तर तिनेच त्या कागदावर पहिली सही केली असती; येत नव्हती, म्हणून अंगठा.

अमेरिकेतल्या टँपा गावात असाच पेच पडला होता. तिथला ‘ब्रो बोल’ नावाचा १९७९ चा काँक्रीटचा खड्डा २०१३ मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत गेला. पण ज्या बागेत तो होता, तिथे आधी काळ्या लोकांची भरभराटीची पेठ होती. शहरसुधारणेच्या नावाखाली ती जमीनदोस्त केली होती. बागेला नाव त्यांच्यातलेच गोदी कामगारांचे पुढारी पेरी हार्वी यांचं. त्या लोकांना तिथे आपल्या पेठेची आठवण उभी करायची होती. पोरांचा खड्डा आणि आजोबांची पेठ, दोन्ही खऱ्या. शेवटी लेसरने मापं घेऊन त्याच बागेत खड्ड्याची नक्कल बांधली आणि मूळ खड्डा पाडला. नक्कल हुबेहूब आहे म्हणतात. माझी त्याविषयी तक्रार नाही, पण आमच्या उताराला मधोमध एक बारीक भेग आहे. गाडी तिच्यावरून गेली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि तेव्हा हात डावीकडे दाबायचा असतो. ती भेग लेसरने येते की नाही मला माहीत नाही.

मी सुनेला सांगितलं, चष्मा सापडत नाही, कागद ठेवून जा. चष्मा नाकावरच होता. ती काही बोलली नाही. कागद अडकित्त्याखाली आहे. उताराच्या तळाशी वाळूच्या गोण्या रचल्या तर पोरं भिंतीऐवजी वाळूवर आपटतील, असा पोक्त तोडगा मी चार जणांपुढे मांडला. एकाने विचारलं, “वाळू कोण देणार?” बैठक तिथेच संपली. शेवटी दोन गोण्या मीच आणवल्या. सौ.ला खर्च सांगितलेला नाही.

परवा संध्याकाळी ते पोरगं प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ओट्यावर येऊन बसलं. बराच वेळ माझ्या गुडघ्याकडे बघत होतं. मग हळूच म्हणालं, “आबा, पुढे एकच बेरिंग लावतस, का दोन?”

मी आधी त्याची आई कुठे दिसते का ते पाहिलं.

“एक,” म्हटलं. “आणि भेग आली की डावीकडे दाबायचं.”