आगोटीची बेगमी



ज्याचा देवावर पूर्ण भरवसा आहे त्याने घरात साठा कशाला करावा, असे कित्येकदा विचारले जाते. अपरिग्रहाचा उपदेश ऐकलेल्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आम्हांला भागवतातील मत्स्यावताराच्या कथेत सापडते. प्रलय सात दिवसांवर येऊन ठेपला, तेव्हा भगवंतांनी सत्यव्रत राजाला नुसते अभय दिले नाही. सर्व औषधी वनस्पती व बीजे बरोबर घेऊन सप्तर्षींसह नौकेत बसावे, अशी आज्ञा केली. नौका तारणारे भगवंतच. परंतु बीजे गोळा करावयाची होती ती राजाने. रत्नभांडाराचे मात्र त्यांनी नावही काढले नाही. सर्वांच्या उद्यासाठी जपावयाचा तो संग्रह, स्वतःच्या हव्यासाचा तो परिग्रह, हा भेद येथे स्पष्ट होतो.

गोमंतकात आगोटीपूर्वी पुरुमेंत भरण्याची चाल जुनीच आहे. पण वादळ पावसाळ्याची वाट पाहत नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे व विजेचे खांब कोसळले आणि कित्येक घरे अंधारात राहिली. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की नळ कोरडा पडतो. म्हणून माणशी रोज चार लिटर, म्हणजे पाच जणांस तीन दिवसांचे साठ लिटर पाणी झाकून ठेवावे. चुलीवाचून खाता येतील असे पोहे, चुरमुरे, गूळ. नित्याची औषधे, विजेरी व तिचे सेल, लहान रेडिओ, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागदपत्र, हे सर्व खिडक्यांपासून दूर, घरातील भक्कम खोलीत एके ठिकाणी असावे. वादळाचा मध्य माथ्यावर आला म्हणजे वारा एकाएकी पडतो. त्या शांततेला भुलून बाहेर पडू नये, कारण थोड्याच वेळात तो उलट दिशेने उठतो.

मात्र ऐनवेळी दुकानातील सर्व मेणबत्त्या आपणच उचलणे म्हणजे बेगमी नव्हे. गोवर्धनाखाली सारे गोकुळ गाईवासरांसह एकत्र उभे राहिले. कोणाचा आसरा निराळा नव्हता. आपल्या आळीत कोणी वृद्ध एकटे राहत असेल, तर आपल्या साठ्यात त्यांचा वाटा आजच धरावा. देवाला नैवेद्य दाखवून मग आपण जेवतो. शेजाऱ्याचे पाणी आधी काढून ठेवणे हाही नैवेद्यच होय. अशी बेगमी प्रत्येक घरी व्हावी, आणि ती उघडण्याची वेळ कोणावरही न येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.