सावडीचा दिवस

पोचलो १०.१०. पहिलं स्थानक ११.५५. शेवटचं १.२०. निघालो २.४५. आंदर मावळातल्या एका घराच्या स्कॅनिंगची माझ्या वहीतली कालची नोंद एवढीच. स्थानक म्हणजे स्कॅनरची तिवई रोवायची जागा. घर जुनं, कौलारू. पडवी, माजघर, देवघर, वर माळा, मागे गोठा. भावाभावांत वाटणी व्हायची आहे, त्याआधी घर जसं उभं आहे तसं मापून ठेवायचं काम होतं.

टाकवे बुद्रुक मागे पडलं की फोनची रेंज येते-जाते. जागेवर पोचल्याची वेळ आपोआप टिपणाऱ्या ॲपवर म्हणून तिकडे विसंबत नाही. वही आणि मनगटावरचं घड्याळ बरं. नोंद करतो तीही तिथे उभं राहूनच. संध्याकाळी घरी आठवून लिहिलेले तास आपसूक पूर्ण आकड्यांत बसतात, आणि बरोबरच्या पोराचा रोज अर्धा की पूर्ण, हे तर याच वहीवर ठरतं. त्याच्या घरी पोचणारा पैसा माझ्या आठवणीवर सोडणं मला पटत नाही.

साडेचार तासांहून थोडा जास्त वेळ आम्ही तिथे होतो. यंत्र चाललं जेमतेम दीड तास. बाकीचा वेळ कुठे गेला?

आधी धुकं. अंगणातून सुरुवात केली तर आतली-बाहेरची मापं नीट जुळतात, पण आषाढात ठोकळवाडी धरणाच्या बाजूने ढग खाली उतरले की अंगणातून समोरची पडवीही धूसर दिसते. आमचं यंत्र मुळात एक घड्याळच आहे. प्रकाशाचा झोत भिंतीवर सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. तीन मीटरवरच्या भिंतीला शिवून परत यायला त्याला असे वीस भाग लागतात. मध्ये धुक्याचे थेंब आले तर झोत त्यांच्यावरूनच माघारी फिरतो आणि नसलेल्या जागी भिंत दिसू लागते. म्हणून थांबलो. मग घरच्या आजींची पूजा चालली होती, देवघरात पाय ठेवायचा प्रश्नच नव्हता. मग माजघरातली पोती हलवली, आरशावर चादर टाकली. कामानंतर घरच्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवणाचा पाऊण तास माझा, तो बिलात धरत नाही.

या सगळ्या वेळात घरधनी आमच्याबरोबर उभे होते. कोणती भिंत आजोबांच्या वेळची, कोणती नंतर घातली, माळ्यावरचा कोणता खण चुलत्यांच्या वाट्याचा, हे त्यांच्याशिवाय सांगणार कोण? मी दोनदा म्हणालो, बसा ना काका. ते बसले नाहीत. तिसऱ्यांदा मी घड्याळात पाहिलं तेव्हा म्हणाले, "आज वरच्या आळीची सावड हाय. आमची दोन माणसं जायाची व्हती, एकच गेलं."

इथे भाताची लावणी अजूनही बरीचशी सावडीनेच होते. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. मजुरी नाही, कागद नाही. कुणाकडे किती माणसं किती दिवस गेली, हे गावाच्या तोंडपाठ असतं. आणि हा हिशेब पुढे ढकलायलाही फारशी जागा नसते. इंद्रायणी भाताचं रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की ते रोपवाटिकेत ठेवून चालत नाही. चिखलणी झालेलं खाचर आणि पाऊस तुमच्या सोयीने थांबत नाहीत. त्या काकांवर काल माझ्यामुळे एका माणसाच्या एका दिवसाचं देणं चढलं होतं. मला ते दुपारी जेवताना उमगलं.

सरकारी मोजणीतही लोकांच्या वेळाचं असंच चालत आलं आहे. जुनी शंकुसाखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर आले, तरी हे माप लोकांच्या तोंडी आजही जिवंत आहे. साखळीच्या जागी रोव्हर आला, उपग्रहावरून स्थान मिळू लागलं, तरी मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते आणि त्यांनी बांधावर हजर राहायचं असतं. मोजणीची फी ठरलेली, पावती मिळते. बांधावर गेलेल्या त्या शेजाऱ्याच्या दिवसाची पावती कुणी फाडत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, पुढे २०२० मध्ये स्वामित्व योजना काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर गेली. ड्रोन उडण्याआधी घराघरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात. वरून फोटो घेणं फार वेळ खात नाही. रेघ इथे की वीतभर तिकडे, यावर दोन घरं समोरासमोर उभी राहतात तिथे वेळ लागतो, आणि माझ्या मते मोजणी खरी तिथेच होते. तो वेळ वाचवण्याच्या मागे लागू नये. माळ्यावरचा तो खण कुणाचा हे कालही यंत्राला कळलं नाही, काकांनी सांगितल्यावर मी आराखड्यात लिहिलं.

मला टोचलं ते दुसरंच. धुक्यात काका आणि मी दोघंही थांबलो होतो, एकाच पडवीत, एकाच पावसाकडे बघत. त्या थांबण्याचे पैसे मला मिळणार, आणि देणार कोण, तर तेच आणि त्यांचे भाऊ. वर सावडीतला दिवसही त्यांनीच फेडायचा. इतकी वर्षं वहीत माझा वेळ लिहिला, पोराचा लिहिला. ज्यांच्या दारात आम्ही तिवई रोवतो त्यांचा वेळ लिहायला माझ्याकडे रकानाच नव्हता.

आज सकाळी पट्टी घेऊन तो आखला. कालच्या ओळीसमोर लिहिलं: घरचे, एक माणूस, पूर्ण दिवस, सावड देणं. पोराचा रोज पूर्ण धरला आणि बिलातून धुक्याची वेळ काढून टाकली. गोठा मापायचा राहिला आहे. वाटणीची घाई आहे का, असं फोन लावून विचारलं तर काका म्हणाले, तशी न्हाई. मग लावणी उरकल्यावर येतो म्हणालो, आणि आजींची पूजा किती वाजता आटपते तेही विचारून घेतलं. ते वहीत लिहून ठेवलं आहे.