सोपी भाषा आणि व्यवसायाची प्रतिष्ठा

हैदराबादेत आमच्या परिचयाच्या एका तरुणास नोकरीच्या मुलाखतीत विचारण्यात आले, "पायथॉन सोडून एखादी खरी संगणकभाषा येते काय?" बिचारा खिन्न होऊन परतला. सोपे ते हलके, हा समज जुनाच. गीतार्थ प्राकृतात सांगणाऱ्या आमच्या संतांनाही तो अपरिचित नव्हता.

१९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कर्ट्झ या प्राध्यापकांनी नवशिक्यांसाठी 'बेसिक' रचली. जो आधी ती शिकला त्यास चांगले आज्ञावलीलेखन शिकविणे जवळजवळ अशक्य, असा निवाडा डाइक्स्ट्रा या विद्वानाने १९७५ साली दिला. गंमत अशी, की त्याच वर्षी 'बेसिक' हाच पहिला माल घेऊन मायक्रोसॉफ्ट कंपनी उभी राहिली. १९९८ साली तिचे विकासकेंद्र आमच्या या शहरात आले. आक्षेप अगदीच पोकळ होता असे मात्र नव्हे. त्या काळच्या बेसिकमध्ये एका ओळीवरून वाटेल त्या ओळीवर उडी मारता येई, आणि मग लिहिणाऱ्यासही आपला धागा सापडत नसे.

पण हा दोष शिथिलतेचा, सुबोधतेचा नव्हे. साध्या भाषेतील खरेदीखत साधे म्हणून रद्द झालेले आम्ही वकिलीत पाहिले नाही. संदिग्ध खतापायी मात्र घरे बुडालेली पाहिली आहेत. त्या तरुणाकडून चार ओळी लिहवून घेऊन, त्यांत चूक कोठे होईल असे कोणी विचारले असते, तर आमची तक्रार नव्हती. येथे कागद न वाचताच निकाल लागला.