आडनाव झाकावे, हात पाहावा

आयसरच्या (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या) प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की मराठी घरांत दोन प्रश्न विचारले जातात : रँक किती आली, आणि पुणे मिळेल का? ज्यांचे मूल परीक्षेला बसले आहे, त्यांनी दुसरे काय विचारायचे? खटकते ते या निकालाभोवती जाणत्या मंडळींच्या बोलण्यातून उमटणारे समाधान. २०२४पासून सातही आयसरच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाचे प्रवेश ‘आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट’ या एकाच परीक्षेवर होतात. त्याआधी जेईई अ‍ॅडव्हान्स्डची वाट होती, किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची होती. आता एकच प्रश्नपत्रिका आणि एकच गुणवत्ता यादी. मुलाखत नाही, म्हणून वशिला नाही. उत्तरे तपासणाऱ्या यंत्राला आडनाव कळत नाही, म्हणून न्याय झाला. इथपर्यंत येऊन चर्चा थांबते.

ती इथे थांबू नये. परीक्षा तीन तासांची, प्रश्न ६० : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. ही निवड ज्यासाठी करायची, त्या अभ्यासक्रमाचे पाचवे वर्ष मात्र संशोधन प्रकल्पाचे आणि प्रबंधाचे असते. एका प्रश्नाशी महिनोन्‌महिने झटायला जे विद्यार्थी हवेत, ते तीन मिनिटांत प्रश्न हातावेगळा करण्याच्या कसबावर निवडले जातात. ही विसंगती कुणाला दिसत नाही असे नाही, पण ती अपरिहार्य मानली गेली आहे.

अपरिहार्य ती कधीच नव्हती. १९६३मध्ये दिल्लीत सुरू होऊन पुढच्याच वर्षी देशभर गेलेल्या राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजनेत लेखी परीक्षेबरोबर विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल मागत आणि मुलाखतही घेत. १९७६मध्ये योजनेची व्याप्ती वाढली, नाव बदलले, वस्तुनिष्ठ चाचण्या आल्या आणि प्रकल्प गेला. १९९९मध्ये आलेल्या किशोर वैज्ञानिक योजनेत लेखी परीक्षेनंतर मुलाखत होती. २०२२मध्ये तीही ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली. साठ वर्षांत पाहण्याच्या जागा एकेक करून बुजल्या आणि मोजण्याची तेवढी उरली.

यावर यंत्राच्या बाजूने जो युक्तिवाद होतो, तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो खोटा नाही. मुलाखतीच्या खोलीत उमेदवाराआधी त्याचे आडनाव शिरते. त्याच्या मागोमाग शाळेचे नाव, इंग्रजीचा हेल, बापाचा हुद्दा. गडचिरोलीची मुलगी आणि पुण्याच्या डेक्कनवरचा मुलगा समितीसमोर एकाच जमिनीवर उभे नसतात. हे सारे मान्य. पण म्हणून यंत्रासमोर तरी ते एका जमिनीवर उभे आहेत का?

जीवशास्त्राचे १५ प्रश्न घ्या. महाराष्ट्रात अकरावीला विज्ञान शाखा घेणारी कितीतरी मुले गणित ठेवतात आणि जीवशास्त्राच्या जागी बायफोकलचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हा विषय घेतात. वैद्यकीयकडे वळलेली मुले गणित सोडतात. हा निर्णय पंधराव्या-सोळाव्या वर्षी, बहुधा घरच्यांच्या आणि क्लासच्या सल्ल्याने झालेला असतो. आयसरला जायचे हे ज्याला बारावीत उमजते, त्याचा २४०पैकी ६० गुणांचा भाग आधीच निसटू लागलेला असतो. दोन वर्षे आधी हे सांगणारे कुणीतरी ज्याच्या घरात असते, त्याचा निसटत नाही. यंत्राला आडनाव दिसत नाही हे खरे, पण आडनावामागचे घर त्याच्या गुणांत उतरलेले असते आणि यंत्र ते इमानाने मोजते. क्लासच्या फीबद्दल तर वेगळे सांगायला नको.

तरीही यंत्राचे समर्थक म्हणतील, दोष सगळ्याच पद्धतींत आहेत, निदान इथे माणसाचा हस्तक्षेप नाही. नेमकी इथेच एक गल्लत होते. विद्यार्थ्याचे नाव न पाहणे आणि विद्यार्थी न पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली न्यायाची अट आहे. दुसरी केवळ सोय आहे, आणि पहिलीच्या आडोशाने ती पुण्यवान ठरते. परीक्षकांनी नाव पाहू नये हे पटवून देणाऱ्या प्रत्येक वाक्यात ‘म्हणून काहीच पाहू नये’ हे अर्धे वाक्य दडलेले आहे. त्याला कोणताही आधार दिलेला नाही.

बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. मूलभूत विज्ञानात पैसा नाही म्हणून निवडीची चिंता नको, हे म्हणणाऱ्यांना निवडीशी कर्तव्य नाही. जागा वाढवाव्यात हे बरोबरच आहे, पण वाढलेल्या जागांवरही कुणाला तरी निवडावे लागेल. रामानुजनचे उदाहरण मात्र दोन्ही बाजूंनी बाजूला ठेवावे. प्रवेशाचे नियम शतकातून एकदा येणाऱ्या माणसासाठी करायचे नसतात.

नाव न पाहताही विद्यार्थी पाहता येतो, याचा पुरावा दूर शोधायला नको. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१मध्ये सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेतून पुढे आलेल्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होते. ही मुले सहावी आणि नववीतली असतात. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये सिद्धान्ताच्या ३० गुणांसोबत प्रयोगाचे २० गुण असतात. २०१५मध्ये ते मुंबईतच भरले होते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची गोष्ट तर पुष्कळांना ठाऊक आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून पाठवत. कार्डावर मूल कुठल्या शाळेतले हे असो वा नसो, त्याचे डोके कुठे अडखळले आहे ते दिसत असे.

प्रयोगाचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते अप्रिय आहे. राज्य मंडळाच्या बारावीत विज्ञानाच्या प्रत्येक विषयाला प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत. ते गुण कसे पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलवरून नवे जर्नल उतरते, उत्तर आधी ठरते आणि रीडिंग मागून त्याला जुळवली जातात. क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजांत तर प्रयोगशाळेचे कुलूप परीक्षेपुरते निघते. सतरा वर्षांचे मूल विज्ञानाच्या उंबऱ्यावर येते ते आकडे जुळवण्याचे शिक्षण घेऊन. हे शिक्षण त्याच्या हाडात किती मुरले आहे, हे साठ बहुपर्यायी प्रश्नांना कधीही कळणार नाही.

म्हणून सध्याची परीक्षा राहू द्यावी, पण ती पहिली चाळणी असावी. जागांच्या तिप्पट मुलांना सात संस्थांच्या प्रयोगशाळांत बोलवावे आणि प्रत्येकाला साधे साहित्य द्यावे : लांबी बदलता येणारा लोलक, एक स्प्रिंग, घड्याळ, आलेखाचा कागद. प्रवासखर्च संस्थेचा. तोंडी प्रश्न नाहीत, बोलणे नाही, वहीवर फक्त बैठक क्रमांक. तपासणारे दुसऱ्या संस्थेतले. खर्च वाढेल, पण एका विद्यार्थ्यावर पाच वर्षे होणाऱ्या सार्वजनिक खर्चापुढे तो नगण्य आहे.

आणि वहीत मूल्यमापन करायचे ते अंतिम उत्तराचे कमी, नोंदींचे जास्त. चौथे रीडिंग बाकीच्यांशी जुळत नाही, तेव्हा विद्यार्थ्याने काय केले? पुन्हा घेतले, शेजारी शंका लिहिली, की मुकाट्याने जुळवून टाकले? एवढे दिसावे म्हणून मुलांना पेन द्यावे. पेन्सिल फक्त आलेखापुरती, आणि खोडरबर देऊ नये.