शल्लूमाच्या कन्या



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेंत क्वचितच वाचला जातो. यरुशलेमेच्या कोटाचा कोणता भाग कोणीं बांधला याची ती यादी आहे, आणि त्या नांवांच्या रांगेंत वाचणाऱ्याची जीभ अडखळते. परंतु तींतील दोन गोष्टी आमच्या मंडळ्यांनीं पहाव्या. पांचव्या वचनांत तकोवेच्या लोकांनीं काम केलें, पण त्यांच्या महाजनांनीं कामास मान लाविली नाहीं, असें आहे. बाराव्या वचनांत शल्लूम येतो. हा यरुशलेमेच्या अर्ध्या प्रांताचा अधिकारी. त्याच्या घरीं चाकरांची वाण नसावी. तरी त्यानें आपल्या कन्यांसह कोटाची दुरुस्ती केली. त्या मुलींनीं गवंड्यांस पाणी पाजलें किंवा भाकरी पोंचविल्या असें लिहिलेलें नाहीं. जें काम बापानें केलें तेंच त्यांनीं केलें, आणि बापास त्याची लाज वाटली नाहीं.

आतां आपल्या गांवच्या हातपंपाकडे या. जालन्यास स्कॉटलंडच्या मिशनानें पोलादी पंप बनविला, सोलापुरास तो सुधारला, आणि त्याच वंशांतून १९७० नंतरच्या दशकांत ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप निघून देशभर गेला. आम्हांस याचा थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनीं क्षम्य समजावा. पण पंप बिघडतोही. खालीं सिलिंडरांतलें वायसर झिजतें, आणि तें बदलावयास सगळे नळ एकामागून एक वर ओढावे लागतात. मिस्त्री तालुक्याहून येईपर्यंत घागर घेऊन लांब जावें लागतें तें बायकांसच.

उत्तर प्रदेशांतील बांदा जिल्ह्यांत १९९० नंतर ‘महिला समाख्या’ या सरकारी कार्यक्रमांतून दलित व कोल स्त्रिया हेंच काम शिकल्या. त्यांतील बहुतेकींस अक्षरओळख नव्हती. जड नळ वर ओढणें, पाना धरणें, सुटे भाग ओळखणें, सर्व त्यांनीं हस्तगत केलें. मग पान्याबरोबर अक्षरेंही हवींत असें त्यांस वाटूं लागलें, आणि तेथेंच पुढें ‘महिला डाकिया’ हें पत्रक बुंदेली बोलींत निघालें. ‘हें बाईमाणसाचें काम नव्हे’ असें म्हणणाऱ्यांची तहानही त्याच पाण्यानें भागली.

येथें आम्हांस आमचा दोष पदरीं घेतला पाहिजे. आमच्या एका मंडळींतील मुलगी वायरमनचें काम शिकून आली. नाताळांत आम्हीं तिला पुढें बोलावून फुलें दिलीं, टाळ्या वाजविल्या. दोन महिन्यांनीं मंदिराच्या विजेचें काम निघालें तेव्हां शहरांतील पुरुषास बोलावणें धाडलें. कोणी मुद्दाम केलें नाहीं. तिची कोणास आठवणच झाली नाहीं. ती मागच्या चटईवर बसून त्याचें काम पहात होती. तकोवेचे महाजन निदान उघड होते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाप्रमाणें चौदा वर्षें पुरीं झालेल्या (धोक्याच्या धंद्यांत अठरा) उमेदवारास कारखान्यांत शिकतां येतें व विद्यावेतन मिळतें. मुलींस मनाई नाहीं. अडतें तें दुसरीकडे. शेवटची एस. टी. चुकली तर ती कोठें राहील? कारखान्यांत तिच्यासाठीं शौचकूप आहे काय? मालक तिच्या हातीं पाना देतो कीं झाडू? या गोष्टी उपदेशकांनीं मुलीच्या बापाबरोबर स्वतः जाऊन पहाव्या. चिठ्ठी लिहून भागणार नाहीं. घरीं तिच्या वांट्याचें पाणी भावानें भरावें. आणि काम झाल्यावर तिची मजुरी पुरुषाइतकीच द्यावी. ‘आपलीच पोर आहे’ म्हणून अर्धे पैसे देणाऱ्या वडील मंडळींनीं करिंथांतील प्रिस्किल्लेची आठवण करावी. पौल तिच्या व अक्विल्लाच्या घरीं राहिला तो तिघांचा धंदा एक होता म्हणून; तिचा धंदा नवऱ्याच्या धंद्याहून अर्धा होता असें लूकानें कोठें लिहिलें नाहीं.

आमच्या त्या मंदिराचा पंखा मागील आठवड्यांत पुन्हां बंद पडला. या वेळीं निरोप त्या मुलीकडे गेला आहे. ती शनिवारीं येतें म्हणाली, आणि शिडी धरावयास कोणीतरी हवें, असेंही तिनें सांगून पाठविलें आहे.