बुडीत खातं

मी बँकेत कारकून आहे आणि रविवारी ख्रिस्ती. उरलेले सहा दिवसही ख्रिस्ती राहण्याचा प्रयत्न असतो, पण काउंटरसमोरची रांग लांबली की तो ढिला पडतो.

आमचं घराणं नगरचं. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं मांडलं, त्यानंतर केव्हातरी पणजोबा मंडळीत आले. त्यामुळे प्रभूची प्रार्थना मला पाढ्यांच्या आधी पाठ. इतकी पाठ, की आपण तिच्यात मागतो काय, हे कळायला चाळिशी उलटावी लागली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ती आहे, आणि तिथे पाप नव्हे, चक्क ऋण असा शब्द आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडलं, तसं देवाने आम्हांला सोडावं! बी.कॉम. झालेल्या माणसाला यातला धोका चटकन कळतो. सवलत किती मिळावी, ते आपणच अर्जात लिहून देतो आहोत.

माझा ऋणको म्हणजे माझा मेहुणा. 2016 साली गॅरेज काढायला त्याने 30,000 रुपये नेले. गॅरेज चाललं, पैसे आले नाहीत. पुढे एका लग्नात तो जिलबीचा आग्रह करत पंगतीत आला, तेव्हा मी चार लोकांत पैसे मागितले. त्यानंतर त्याचं येणं बंद झालं.

"आता सोडून द्या ना," बायको म्हणायची.

"सोडलेच आहेत," मी म्हणायचो.

खोटं नव्हतं ते. पण आमच्या धंद्यात 'राइट ऑफ' नावाची एक चीज आहे. बँक कर्ज राइट ऑफ करते तेव्हा ते ताळेबंदातून निघतं, वसुलीचा हक्क मात्र सुटत नाही. नोटिसा जातच राहतात. माझ्या मनाच्या शाखेतही ते खातं असंच चालू होतं आणि व्याज चढत होतं, तेही चक्रवाढ. याला क्षमा म्हणायचं का? रविवारी नेमक्या त्या ओळीला मला खोकला येऊ लागला.

खोकला ओळखला आमच्या पाळकसाहेबांनी. घरभेटीला आले, चहा घेतला, प्रकृतीची चौकशी केली आणि म्हणाले, "तुम्ही बँकेतले. अठराव्या अध्यायातल्या त्या चाकराचं देणं किती होतं, जरा काढून द्या बघू."

हिशेब म्हटलं की मी फुलतो. दहा हजार टॅलंट. टॅलंटचे सुमारे 6,000 दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा रोज. झाले 6 कोटी रोज. शब्बाथ आणि सण वगळून वर्षाचे 300 दिवस धरले, तर फेडायला 2 लाख वर्षं! राजाने तेवढं सोडलं.

"आणि त्याने बाहेर येऊन ज्याचा गळा धरला, त्याचं?"

"शंभर दीनार. शंभर दिवसांची मजुरी." मग मला राहवेना. "पण साहेब, ही रक्कमसुद्धा काही लहान नाही हो!"

"नाहीच," ते म्हणाले. "तुमचीही नाही."

एवढं बोलून त्यांनी प्रार्थना केली आणि गेले. उपदेश केला असता तर मी परतवला असता.

रात्री झोप लागेना. 2008 ची शेतकऱ्यांची कर्जमाफी आठवली. याद्या करता करता आमची बोटं दुखली होती. लोक म्हणत, कर्ज गेलं. ते जात नसतं. खातेदाराऐवजी सरकारने भरलं, एवढंच. म्हणजे मेहुण्याला सोडायचं तर 30,000 भरणार कोण, हे उघड होतं.

शनिवारी गॅरेजवर गेलो. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला.

"सलाम, दाजी!"

"सलाम. ते पैसे आता विसर. मी सोडले."

त्याने फडक्याला हात पुसले. त्याचे डोळे भरून आले असं मला वाटलं. "दाजी," तो म्हणाला, "तुम्हीपण ते पंगतीतलं मनातून काढून टाका. मी तुम्हांला केव्हाच क्षमा केली आहे."

चहा आला. पैसे मी दिले.

रविवारी तो माझ्याच बाकावर येऊन बसला. त्या ओळीला त्याचा आवाज माझ्याहून चढा होता.